फाइल सिस्टीममधील समांतर कार्यवाहीचे दोष व त्यांची दुरुस्ती : लिनक्स कर्नलमधील एका दोषाचे विवेचन

प्रस्तावना :

महाविद्यालयातील प्रवेशापासून निकालापर्यंतची बहुतेक माहिती आज कोणत्या ना कोणत्या संगणकावर फाइलच्या रूपाने साठवलेली असते. एकदा लिहिलेली माहिती जशीच्या तशी राहील, हा आपला विश्वास असतो. या विश्वासाची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टीमच्या ज्या भागावर असते, त्यास फाइल सिस्टीम असे म्हणतात. या भागातील चूक इतर चुकांपेक्षा अधिक गंभीर ठरते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी ती भरून निघत नाही. चुकीची लिहिलेली माहिती डिस्कवर तशीच राहते आणि पुसली गेलेली माहिती परत येत नाही.

फाइल सिस्टीममधील चुकांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी समांतर कार्यवाहीतून, म्हणजे एकाच वेळी अनेक कामे चालू असल्यामुळे उद्भवणारे दोष हा एक प्रमुख प्रकार होय. हे दोष सापडणे कठीण असते आणि सापडल्यावर नीट दुरुस्त करणे त्याहून कठीण असते. प्रस्तुत लेखात लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधील अशा एका दोषाचा मागोवा घेतला आहे. हा दोष २०१४ मध्ये दुरुस्त झाला. त्या दुरुस्तीमुळे एक नवी अडचण निर्माण झाली व तिचे सर्वसाधारण निराकरण २०१९ मध्ये झाले. त्याच दुरुस्तीतील एक गृहीतक पुढे खोटे ठरल्याने २०२३ मध्ये पुन्हा त्याच जागी काम करावे लागले. लिनक्स हे अँड्रॉइड प्रणालीच्या भ्रमणध्वनींपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत सर्वत्र वापरले जात असल्याने हा विषय केवळ तज्ज्ञांपुरता मर्यादित नाही. संगणकशास्त्रेतर विषयांच्या प्राध्यापकांनाही तो समजावा, या दृष्टीने येथे विवेचन केले आहे.

१. मूलभूत संकल्पना :

एखादा प्रोग्राम फाइल उघडतो तेव्हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्या उघडलेल्या फाइलची एक नोंद आपल्याकडे ठेवतो. या नोंदीत एक महत्त्वाची संख्या असते. पुढील वाचन अथवा लेखन फाइलच्या कितव्या बाइटपासून करावयाचे, हे ती संख्या सांगते. या संख्येस आपण येथे ‘स्थान’ असे म्हणू. शंभर बाइट लिहिले की स्थान शंभराने पुढे सरकते. प्रोग्रामला प्रत्येक वेळी ‘अमुक ठिकाणी लिही’ असे सांगावे लागत नाही, ही यातील सोय होय.

कार्यालयातील जावक नोंदवहीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. नोंदवहीत कोठपर्यंत लिहून झाले आहे हे दाखवण्यासाठी एक खूण ठेवलेली आहे, असे समजू. लिपिक खूण पाहतो, त्या ओळीवर नोंद करतो आणि खूण एक ओळ खाली सरकवतो. खूण पाहणे, नोंद करणे व खूण सरकवणे या तीन क्रिया आहेत. एकच लिपिक असेपर्यंत यात काहीही बिघडत नाही.

आधुनिक संगणकात मात्र ‘लिपिक’ अनेक असतात. एका प्रोग्रामच्या अंतर्गत एकाच वेळी चालणारे अनेक कार्यप्रवाह असू शकतात; त्यांना थ्रेड म्हणतात. हे सर्व थ्रेड एकच उघडलेली फाइल, म्हणजेच एकच नोंद व एकच स्थान, सामाईकपणे वापरू शकतात. एका प्रोसेसपासून दुसरी प्रोसेस निर्माण होते तेव्हा नवीन प्रोसेसलाही आधी उघडलेल्या फाइलींच्या त्याच नोंदी वारशाने मिळतात. अशा वेळी एक नोंदवही, एक खूण आणि दोन लिपिक अशी परिस्थिती निर्माण होते.

दोघांनी एकाच वेळी हात घालू नये यासाठी लॉक वापरले जाते. लॉक म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारी किल्ली. ज्याच्याकडे किल्ली आहे तो काम करतो. दुसऱ्यास थांबावे लागते. पहिल्याने किल्ली परत केली की दुसऱ्याचे काम सुरू होते.

२. दोषाचे स्वरूप :

लिनक्समध्ये एक्सटी-४, एक्सएफएस, बीटीआरएफएस अशा अनेक फाइल सिस्टीम आहेत. त्या सर्वांच्या वर एक समान थर असतो. त्यास व्हर्च्युअल फाइल सिस्टीम अथवा व्हीएफएस म्हणतात. लेखनाची विनंती प्रथम या थराकडे येते. २०१४ पूर्वी हा थर पुढील तीन पायऱ्यांनी काम करीत असे : उघडलेल्या फाइलच्या नोंदीतून स्थान वाचणे, त्या स्थानापासून माहिती लिहिणे आणि नवीन स्थान नोंदीत परत ठेवणे. मधल्या पायरीस, म्हणजे प्रत्यक्ष लेखनास, फाइलच्या मजकुराचे संरक्षण करणारे लॉक होते. पहिल्या व तिसऱ्या पायरीस मात्र कोणतेही लॉक नव्हते.

त्याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. स्थान १००० आहे आणि दोन थ्रेडना प्रत्येकी १०० बाइट लिहावयाचे आहेत, असे मानू. घटनांचा क्रम पुढीलप्रमाणे लागू शकतो :

(१) पहिला थ्रेड स्थान वाचतो : १०००.
(२) दुसरा थ्रेड स्थान वाचतो : १०००.
(३) पहिला थ्रेड १००० पासून १०० बाइट लिहितो.
(४) दुसरा थ्रेड १००० पासूनच १०० बाइट लिहितो.
(५) पहिला थ्रेड स्थान ११०० करतो.
(६) दुसरा थ्रेडही स्थान ११०० करतो.

अपेक्षेप्रमाणे फाइलमध्ये २०० बाइट नवीन यावयास हवेत व स्थान १२०० व्हावयास हवे. प्रत्यक्षात १०० बाइटच राहतात. पहिल्या थ्रेडचा मजकूर दुसऱ्याच्या मजकुराखाली नाहीसा होतो. विशेष म्हणजे कर्नल दोन्ही थ्रेडना ‘तुमचे १०० बाइट लिहिले’ असेच उत्तर देतो. एकाच ओळीवर दोन लिपिकांनी लिहिले तर गिचमिड दिसते व चूक लक्षात येते. फाइलमध्ये जुने बाइट कोणताही माग न ठेवता जातात. त्रुटीचा संदेश येत नाही, प्रोग्राम बंद पडत नाही. फक्त एक नोंद कमी भरते.

घटनांच्या क्रमावर ज्याचा परिणाम अवलंबून असतो अशा या परिस्थितीस रेस कंडिशन असे म्हणतात. वरील सहा पायऱ्यांचा क्रम थोडा जरी बदलला, उदाहरणार्थ पहिल्या थ्रेडच्या तिन्ही पायऱ्या आधी पूर्ण झाल्या, तरी सर्व काही सुरळीत होते. त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

येथे दोन अपवाद नोंदवणे आवश्यक आहे. फाइल ‘शेवटी जोडणे’ या पद्धतीने उघडली असेल तर लेखनाची जागा मजकुराच्या लॉकच्या आतच ठरवली जाते. त्यामुळे असे लेखन या दोषापासून सुरक्षित होते. तसेच ‘अमुक स्थानी लिही’ असे स्पष्ट सांगणारी स्वतंत्र विनंतीही उपलब्ध आहे. तिचा सामाईक स्थानाशी संबंध येत नाही. हा दोष दीर्घकाळ त्रासदायक न ठरण्यामागे हे पर्याय असणे हे एक कारण मानता येईल.

३. दोष की वापरणाऱ्याची चूक? :

एकच फाइल दोघांनी वाटून घेतली असेल तर त्यांनी आपसांत शिस्त ठेवावी, कर्नलने त्याची काळजी का करावी, असा युक्तिवाद येथे करता येण्यासारखा होता. परंतु युनिक्स प्रकारच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी पॉझिक्स नावाचे प्रमाणक आहे. त्याच्या २००८ च्या आवृत्तीत सामान्य फाइलींवरील वाचन, लेखन इत्यादी क्रिया परस्परांच्या संदर्भात अखंड असाव्यात, असे म्हटले आहे. अखंड याचा अर्थ असा, की एका थ्रेडला दुसऱ्याची क्रिया पूर्ण झालेली दिसावी किंवा मुळीच झालेली दिसू नये; अर्धवट दिसता कामा नये. या प्रमाणकाच्या कसोटीवर लिनक्सचे वर्तन चुकीचे ठरत होते.

दोष ठरवण्यासाठी आधी अपेक्षा काय आहे हे निश्चित असावे लागते. ‘स्थान वाचण्यापासून परत ठेवण्यापर्यंतची कृती एकच आहे’ असा नियम कोठेही लिहिलेला नसेल, तर तीन सुट्या पायऱ्यांत कोणाला चूक दिसणार नाही. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे बरोबरच होती. चूक त्यांच्यामधील मोकळ्या जागेत होती.

४. २०१४ मधील दुरुस्ती :

मार्च २०१४ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी या दोषाची दुरुस्ती केली व ती लिनक्सच्या ३.१४ या आवृत्तीत समाविष्ट झाली. दुरुस्तीची कल्पना सोपी होती. उघडलेल्या फाइलच्या प्रत्येक नोंदीत स्थानाचे रक्षण करणारे एक नवीन लॉक ठेवण्यात आले. वाचन, लेखन अथवा स्थान बदलण्याची विनंती आली की प्रथम हे लॉक घ्यावयाचे, तिन्ही पायऱ्या पूर्ण करावयाच्या व नंतर ते सोडावयाचे.

मात्र लॉक घेण्यास वेळ लागतो. वाचन व लेखन या संगणकातील अतिशय वारंवार होणाऱ्या क्रिया आहेत आणि बहुसंख्य वेळा फाइल एकच थ्रेड वापरत असतो. अशा वेळी लॉक घेणे निरर्थक ठरते. म्हणून दुरुस्तीत दोन मर्यादा घालण्यात आल्या. पहिली अशी, की हे लॉक फक्त सामान्य प्रकारच्या फाइलींना लागू राहील. दुसरी अशी, की त्या नोंदीचे संदर्भ किती आहेत हे मोजावयाचे. संदर्भ एकच असेल तर दुसरा कोणी वापरकर्ता नाही असे समजून लॉक घ्यावयाचे नाही.

दोन्ही मर्यादा तर्कसंगत होत्या. पुढील काळात ज्या अडचणी आल्या त्या नेमक्या या दोन मर्यादांच्या कडेवर आल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

५. पहिली अडचण : डेडलॉक :

लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाची एक विशेष डिरेक्टरी असते. तिच्यातील फाइली डिस्कवर नसतात. कर्नलशी संवाद साधण्याची ती खिडकी असते. असे असले तरी त्या फाइली बाहेरून ‘सामान्य फाइल’ म्हणूनच ओळख सांगतात. झेन या आभासी संगणक चालवणाऱ्या व्यवस्थेत अशीच एक फाइल संदेशांच्या देवाणघेवाणीसाठी वापरली जाते. प्रोग्रामचा एक थ्रेड तिच्यात विनंती लिहितो व दुसरा थ्रेड तिच्यातून उत्तर वाचतो. उत्तर येईपर्यंत वाचणारा थ्रेड थांबून राहतो.

२०१४ च्या दुरुस्तीनंतर येथे कोंडी झाली. वाचणाऱ्या थ्रेडने स्थानाचे लॉक घेतले व तो उत्तराची वाट पाहत थांबला. लिहिणाऱ्या थ्रेडला विनंती लिहिण्यासाठी तेच लॉक हवे होते. विनंती लिहिल्याशिवाय उत्तर येणार नाही, उत्तर आल्याशिवाय लॉक सुटणार नाही आणि लॉक सुटल्याशिवाय विनंती लिहिता येणार नाही. नोंदवहीच्या भाषेत सांगावयाचे तर एक लिपिक नोंदवही मांडीवर घेऊन पत्रोत्तराची वाट पाहत बसला आहे. आणि ज्या पत्राचे उत्तर यावयाचे ते पत्र, जावक नोंद होऊ न शकल्याने, टेबलावरच पडून आहे. परस्परांच्या अशा कायमच्या प्रतीक्षेस डेडलॉक म्हणतात.

यात विरोधाभास असा, की या फाइलला स्थान या कल्पनेची गरजच नव्हती. संदेशांच्या प्रवाहात ‘कितवा बाइट’ हा प्रश्न उद्भवत नाही. ज्या गोष्टीचे रक्षण करण्यासाठी लॉक घेतले जात होते, ती गोष्ट तेथे अस्तित्वातच नव्हती. प्रथम त्या एका फाइलपुरते लॉक वगळण्यात आले. परंतु याच प्रकारची अडचण इतरत्रही येऊ शकत होती. २०१९ मध्ये यावर सर्वसाधारण उपाय योजण्यात आला. ‘ही फाइल प्रवाहरूप आहे, हिला स्थान नाही’ असे उघडतानाच जाहीर करण्याची सोय कर्नलमध्ये करण्यात आली. अशा फाइलीस स्थानाचे लॉक लागू होत नाही. त्यानंतर स्थानाचा उपयोग न करणारे ड्रायव्हर शोधून त्यांत ही घोषणा घालण्याचे काम आज्ञावली तपासणाऱ्या एका साधनाच्या साहाय्याने करण्यात आले.

पहिल्या उपायात एका ठिकाणची कोंडी सुटली. दुसऱ्या उपायात मात्र कोणत्या फाइलीस स्थान असते व कोणत्या फाइलीस नसते, हा आजवर अव्यक्त असलेला नियम आज्ञावलीत शब्दबद्ध झाला. दुरुस्ती म्हणून दुसरा उपाय अधिक मोलाचा आहे.

६. दुसरी अडचण : मागच्या दाराने आलेला वापरकर्ता :

‘संदर्भ एकच असेल तर लॉक नको’ या मर्यादेमागे एक गृहीतक होते. लेखन चालू असताना संदर्भांची संख्या एकाची दोन होऊ शकणार नाही, हे ते गृहीतक. नोंद जर एकाच थ्रेडकडे असेल आणि तो थ्रेड स्वतः लेखनात गुंतलेला असेल, तर नवीन भागीदार निर्माण करणार तरी कोण? २०१४ मध्ये हा विचार रास्त होता.

मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत एक नवीन सोय आली. पुरेसे अधिकार असलेली एक प्रोसेस दुसऱ्या प्रोसेसने उघडलेली फाइल तिच्याकडून परस्पर मिळवू शकेल, अशी ती सोय होती. दोष शोधणारी साधने व तत्सम विशेष कामांसाठी ती उपयुक्त आहे. परंतु तिच्यामुळे वरील गृहीतक खोटे ठरले. पहिली प्रोसेस संदर्भ मोजते. तो एक असल्याने लॉक न घेता काम सुरू करते. त्याच क्षणी दुसरी प्रोसेस ती नोंद मिळवते. आता संदर्भ दोन असल्याने ती नियमाप्रमाणे लॉक घेते व ते तिला लगेच मिळते, कारण ते कोणीच घेतलेले नसते. दोघेही एकाच वेळी आत असतात. कचेरीत आपण एकटेच आहोत हे पाहून लिपिकाने किल्ली खुंटीवरच ठेवली आणि मोजणी झाल्यानंतर मागच्या दाराने दुसरा लिपिक आला, असा हा प्रकार होय.

येथे कोणीही २०१४ च्या आज्ञावलीतील एक अक्षरही बदलले नव्हते. तिच्या भोवतालचे जग बदलले आणि बरोबर असलेली आज्ञावली चुकीची ठरली.

जुलै २०२३ मध्ये यावर उपाय म्हणून संदर्भ मोजण्याची सवलत रद्द करण्यात आली व लॉक नेहमीच घेण्याचे ठरले. त्यामुळे होणारा विलंब मोजण्याइतका असल्याचे लगेच निदर्शनास आले. ऑगस्ट २०२३ च्या आरंभी टोरवाल्ड्स यांनी सामान्य फाइलींसाठी सवलत पुन्हा सुरू केली. डिरेक्टरींसाठी मात्र लॉक नेहमीच घेण्याचा नियम कायम ठेवला. हा निर्णय ६.५ या आवृत्तीत समाविष्ट झाला.

हा भेद समजून घेण्याजोगा आहे. २०१६ मध्ये लिनक्सच्या ४.७ या आवृत्तीत एकच डिरेक्टरी अनेकांना एकाच वेळी वाचता येईल अशी सुधारणा झाली होती. त्यामुळे डिरेक्टरी वाचताना फाइल सिस्टीमची अंतर्गत माहिती सुस्थितीत राहणे हे स्थानाच्या लॉकवर अवलंबून राहू लागले. तेथे लॉक नसेल तर कर्नलच्या स्वतःच्या शुद्धतेस धोका पोहोचतो. सामान्य फाइलीच्या बाबतीत मात्र हे लॉक फक्त पॉझिक्सचे वचन पाळण्यासाठी आहे. आणि दुसऱ्याची फाइल परस्पर मिळवणे ही कृती पॉझिक्सच्या कक्षेबाहेरची आहे. म्हणजे एकच लॉक दोन वेगवेगळ्या कारणांसाठी वापरले जात होते. ती कारणे वेगळी काढल्यावरच कोठे सवलत देता येईल व कोठे देता येणार नाही, हे ठरवता आले.

७. अशा दोषांचे प्रमाण व एका लॉकचा इतिहास :

वरील दोष अपवादात्मक नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये लिनक्सच्या सहा फाइल सिस्टीममधील ५०७९ बदलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या बदलांचा काळ सुमारे आठ वर्षांचा होता. त्यात आढळलेल्या दोषांपैकी सुमारे २० टक्के दोष समांतर कार्यवाहीचे होते. सर्वसाधारण वापराच्या प्रोग्राममध्ये हे प्रमाण बरेच कमी असल्याचेही त्यांनी नमूद केले आहे. कर्नल हा सर्व प्रोग्रामची सेवा एकाच वेळी करीत असल्याने असा फरक असणे स्वाभाविक आहे.

याच अभ्यासात रायझर एफएस ही फाइल सिस्टीम वेगळी दिसून आली. तिच्यात असे दोष तुलनेने कमी होते. त्याचे कारण तिच्या रचनेपेक्षा एका जुन्या लॉकमध्ये आहे. १९९६ मध्ये लिनक्सची २.० ही आवृत्ती एकाहून अधिक प्रोसेसरवर चालू लागली, तेव्हा सुरक्षिततेसाठी संपूर्ण कर्नलला एकच मोठे लॉक लावण्यात आले होते. एका वेळी एकच प्रोसेसर कर्नलमध्ये काम करीत असल्याने गोंधळास वाव नव्हता. मात्र प्रोसेसर वाढवूनही वेग वाढत नसे. पुढे या मोठ्या लॉकच्या जागी हळूहळू अनेक छोटी लॉक आली व २०११ मध्ये २.६.३९ या आवृत्तीत ते पूर्णपणे काढून टाकण्यात आले. रायझर एफएस दीर्घकाळ या मोठ्या लॉकच्या आश्रयाने चालत होती. वेग हवा असेल तर लॉक लहान करावी लागतात, आणि लॉक जितकी लहान व जितकी अधिक, तितके त्यांच्यातील संबंधांचे नियम अधिक काटेकोर लागतात, असा बोध या इतिहासातून मिळतो.

८. नियम लिहून ठेवण्याचे महत्त्व :

लॉकचे नियम लिहून ठेवण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे डिरेक्टरी हलवण्याची क्रिया. ‘अ’ ही डिरेक्टरी ‘ब’ मध्ये हलवावी, अशी विनंती एका प्रोसेसने केली आणि त्याच वेळी ‘ब’ ही डिरेक्टरी ‘अ’ मध्ये हलवावी, अशी विनंती दुसरीने केली, असे समजू. प्रत्येक विनंती स्वतंत्रपणे वैध आहे. दोन्ही एकाच वेळी तपासून मान्य केल्या तर ‘अ’ हा ‘ब’ च्या पोटात व ‘ब’ हा ‘अ’ च्या पोटात जाईल. मूळ वृक्षापासून दोन्ही तुटतील व त्यांतील फाइलींपर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरणार नाही. हे टाळण्यासाठी एका डिरेक्टरीतून दुसरीत हलवताना संपूर्ण फाइल सिस्टीमसाठी असलेले एक स्वतंत्र लॉक घेतले जाते. तसेच अनेक लॉक घ्यावयाची असतील तर ती कोणत्या क्रमाने घ्यावीत, याचे नियम आणि त्या नियमांनी डेडलॉक का होणार नाही याचे तर्कशुद्ध विवेचन लिनक्सच्या दस्तऐवजांत दिलेले आहे.

लिखित नियमांचे पालन होते की नाही, हे तपासणारी साधनेही विकसित झाली आहेत. इंगो मोल्नार यांनी तयार केलेले लॉकडेप हे साधन २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१८ या आवृत्तीत आले. कोणती लॉक कोणत्या क्रमाने घेतली जातात याची ते नोंद ठेवते. एका ठिकाणी ‘क’ नंतर ‘ख’ व दुसऱ्या ठिकाणी ‘ख’ नंतर ‘क’ असे आढळल्यास, प्रत्यक्ष डेडलॉक झालेला नसतानाही, ते इशारा देते. २०२० मध्ये ५.८ या आवृत्तीत आलेले केसीसॅन हे साधन निवडक ठिकाणी क्षणभर मुद्दाम विलंब करून, त्याच माहितीस दुसरा कोणी हात लावतो का, हे पाहते. ही साधने मोलाची असली तरी त्यांना आज्ञावलीचा हेतू कळत नाही. उत्तर येईपर्यंत लॉक धरून बसणे चुकीचे आहे की आवश्यक, हे माणसालाच ठरवावे लागते.

९. अध्यापनाच्या दृष्टीने विचार :

ऑपरेटिंग सिस्टीम या विषयाच्या अभ्यासक्रमात सेमाफोर, डेडलॉक, भोजनास बसलेले तत्त्वज्ञ इत्यादी घटक सर्वत्र शिकवले जातात. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात व परीक्षेत लिहितातही. परंतु प्रात्यक्षिकाच्या तासात वेगळाच अनुभव येतो. प्रस्तुत लेखक विद्यार्थ्यांना एक छोटा प्रयोग देतो. दोन थ्रेडनी एकाच फाइलचे स्थान स्वतः विचारून घ्यावे, त्या स्थानी एक ओळ लिहावी व स्थान पुढे सरकवावे. हीच कृती हजार वेळा करावी. अखेरीस फाइलमधील ओळी मोजल्या तर त्या दोन हजारांपेक्षा कमी भरतात आणि प्रत्येक वेळी वेगळ्या भरतात. नंतर हेच काम साध्या लेखनाच्या विनंतीने केले असता ओळी पूर्ण भरतात, कारण २०१४ ची दुरुस्ती आता कर्नलमध्ये आहे.

या प्रयोगात विद्यार्थ्यांची एक प्रतिक्रिया नेहमी आढळते. चूक शोधण्यासाठी ते मधे एखादे छपाईचे विधान अथवा थोडा विलंब घालतात. ओळी पूर्ण भरू लागतात आणि ते ‘सर, झालं’ असे सांगतात. त्यांना विचारावा लागणारा प्रश्न एकच असतो : दोष गेला हे कशावरून? दिसेनासा झालेला दोष आणि नाहीसा झालेला दोष यांतील फरक त्यांच्या लक्षात आणून देणे, हे या विषयाच्या अध्यापनाचे खरे प्रयोजन आहे. समांतर कार्यवाहीच्या बाबतीत शंभर वेळा चालवून पाहणे हा पुरावा ठरत नाही. कोणते लॉक कोणत्या माहितीचे रक्षण करते, हे एका वाक्यात सांगता येणे व ते वाक्य प्रत्येक मार्गावर खरे असल्याचे दाखवता येणे, हाच पुरावा होय.

लिनक्सची आज्ञावली व तिच्यातील प्रत्येक बदलाचे कारण सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. पाठ्यपुस्तकातील कल्पित उदाहरणांबरोबर अशा एखाद्या प्रत्यक्ष दोषाचा इतिहास विद्यार्थ्यांना वाचावयास दिल्यास त्यांना विषयाचे गांभीर्य अधिक चांगले समजेल, असे वाटते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) समांतर कार्यवाहीतील दोष बहुधा एखाद्या चुकीच्या विधानात नसतो. दोन बरोबर विधानांमध्ये दुसऱ्यास शिरण्यास जी जागा उरते, तेथे तो असतो.

(२) लॉक लावणे म्हणजे दुरुस्ती पूर्ण होणे नव्हे. अनावश्यक ठिकाणी लावलेले लॉक डेडलॉकचे कारण होऊ शकते, हे २०१४ नंतरच्या अनुभवाने दाखवले.

(३) वेगासाठी दिलेली प्रत्येक सवलत एका गृहीतकावर उभी असते. ते गृहीतक लिहून ठेवले नाही, तर पुढे नवीन सोय जोडणाऱ्यास आपण काय मोडत आहोत हे कळण्याचा मार्ग राहत नाही.

(४) लॉक कशासाठी आहे, म्हणजे प्रणालीच्या शुद्धतेसाठी की प्रमाणकाच्या वचनासाठी, हे स्पष्ट केल्यावरच योग्य तडजोड करता येते.

केवळ एका संख्येच्या रक्षणाचा हा प्रश्न जगातील कुशल तज्ज्ञांना नऊ वर्षांत पुन्हा पुन्हा हाताळावा लागला. यात त्यांचे न्यूनत्व नाही. या कामाचे स्वरूपच तसे आहे. आपल्या फाइलींमधील माहिती सुरक्षित राहते, ती एकदाच केलेल्या निर्दोष रचनेमुळे नव्हे. नियम काय आहे, तो अजून खरा आहे का, हे पुन्हा पुन्हा तपासणाऱ्यांच्या चिकाटीमुळे ती सुरक्षित राहते. हीच चिकाटी विद्यार्थ्यांमध्ये रुजवणे हे अध्यापक म्हणून आपले कर्तव्य होय.